चिंच पडायच्या आधी

फसली तेराशे बत्तीस साल होतं. इंग्रजी हिशेबानं एकोणीसशे बावीस सरत आलं होतं. मानमोडीच्या साथीनं घरंच्या घरं रिकामी केली, तिच्यामागून दुष्काळ आला, आणि मग लागोपाठ दोन पावसाळे असे लागले की आमच्या खापरवाडीच्या शिवारात ज्वारीत शिरलेला माणूस दिसेनासा व्हायचा. त्या सालच्या येळवसेला मी माझ्या सासूवर सूड उगवला. ज्या बहिणीसाठी उगवला ती आता नाही, जिच्यावर उगवला तीही नाही. मी आहे, आणि मला सगळं आठवतं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात असतात. पिकाच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची. आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, त्यांच्यावर नवं फडकं पांघरायचं आणि अंबील, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर, भज्जी असा नैवेद्य दाखवायचा.

भज्जी म्हणजे नुसती भाजी नव्हे. हिवाळ्यात रानात जे जे हिरवं असेल ते सगळं एका हंड्यात जातं. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वालाच्या शेंगा, गाजरं, पातीचा कांदा, मेथी, चुका, मूठभर बोरं, आणि आमच्या सासरी चमकुरा, म्हणजे अळूची पानं. दाणे आधी, पाला मागून. मग डाळीचं पीठ, लसूण-मिरचीची फोडणी, आणि सगळ्यात शेवटी चिंचेचा कोळ. चिंच आधी पडली तर तुरीचा दाणा टणक राहतो, कितीही जाळ घाला. हंडा उतरवला की भज्जी वाटीत ओतता आली पाहिजे, आणि भाकरीचा तुकडा बुडवला की त्याला धरून वर आली पाहिजे. दहिवरानं भिजलेली लुगडी तशीच अंगावर, बोटं तुरीच्या शेंगा सोलून काळी झालेली, आणि हातात ती ऊन वाटी. तशी चव मला पुन्हा मिळाली नाही. नातसून गॅसवर करते तीही चांगलीच असते.

त्या दिवसाच्या दोन रीती होत्या. बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायचं, आणि आलेल्याला, मग तो वैरी का असेना, हाकलायचं नाही. आणि पांडवांपुढं नैवेद्य ठेवेपर्यंत भज्जी चाखायची नाही. मीठ हाताच्या अंदाजानंच पडलं पाहिजे. कुणी चाखली की हंडा उष्टा झाला.

माझी सासू छबुबाई. तिच्या भज्जीचं नाव युसूफ वडगावच्या बाजारापर्यंत पोचलेलं. गावचे पाटील अर्जुनराव दरसाल आपल्या रानातलं जेवण सोडून आमच्या कोपीवर यायचे आणि न चाखता मीठ इतकं बरोबर कसं पडतं म्हणून विचारायचे. सासूचं उत्तर ठरलेलं होतं. ती म्हणायची, "माझ्या हातालाच जीभ हाय, पाटील."

त्या घरात आम्ही दोघी सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा होतो. थोरली कडूबाई थोरल्या धुळाजीला दिलेली, मी मुक्ता धाकट्या बंकटला. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती, लिहिताना घेते. आमच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून बहिणीचं नाव कडू ठेवलेलं, म्हणजे सटवीनं तिला तोंड लावू नये. मी तिला अक्का म्हणायची. सासरे मानमोडीत गेलेले. शेती आणि मेंढरं दोन्ही सासूच्या शब्दावर चालायची. धुळाजी वर्षातला निम्मा काळ मेंढरांमागं असायचा आणि घरी असला तरी नसल्यासारखाच. अक्काला बऱ्याच नवसांनंतर एक मुलगा झाला होता. केजच्या उत्तरेश्वराला बोललेला नवस, म्हणून तो उत्तरेश्वर.

आदल्या सालच्या येळवसेची गोष्ट आधी सांगते. अक्कानं सासूच्या सांगण्याप्रमाणं हंड्यात मीठ टाकलं आणि ती अंबील आणायला गेली. मी भाकरीची पाटी उतरवत होते. कडब्याच्या फटीतून मला दिसलं. सासूनं इकडंतिकडं बघितलं, पळी उचलली, फुंकली आणि ओठाला लावली. आधीचं मीठ अजून विरघळलं नसावं, तिला अळणी लागलं. तिनं आणखी एक मूठ टाकली. हाताची जीभ ती हीच, तोंडातली.

भज्जी खारट झाली. अर्जुनरावांनी पहिला घास घेऊन वाटी खाली ठेवली आणि विचारलं, औंदा हाताची जीभ भाजली काय? पंगत हसली. सासूचा चेहरा जो उतरला तो तिनं लगेच वर उचलला आणि अक्काकडं बोट केलं.

"ह्या अवदसेनं हंडा चाखला. देवाच्या आधी खाल्लं हिनं, म्हनून इस्कोट झाला."

अक्का नाही नाही म्हणत राहिली. मी डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं, तर सासूनं सगळ्यांसमोर माझ्या मुस्काटात दिली आणि म्हणाली, बहीण बहिणीचंच गाणार. पाटलांना जेवायची घाई होती. त्यांनी खिरीची वाटी पुढं ओढून निवाडा देऊन टाकला की देवाच्या आधी खाणारीचा हात चुलीला लागू नये. तेवढ्यावर भागलं असतं. पण त्याच महिन्यात मेंढरांना देवी आल्या, निम्मा कळप गेला, आणि तेही अक्काच्याच माथी बसलं. धुळाजीनं तिला गाडीत घालून तेलगावला आमच्या माहेरी नेऊन सोडलं. पोरगं मात्र सासूनं ठेवून घेतलं. त्याचं दूध नुकतंच तुटलं होतं. गाडी हलली तेव्हा तो माझ्या कडेवर होता आणि अक्का मागं तोंड करून बसली होती, वळणापर्यंत.

दादा, म्हणजे आमचे वडील धोंडीराम, मलाही न्यायला आले. म्हणाले, ह्या घरात तुझंबी असंच व्हनार. मी म्हणाले, पोराला कुणापाशी ठेवू? ते खरंच होतं. पण त्या पोरासाठी अक्काला परत आणायचं आणि ज्या हंड्यावरून तिला काढली त्याच हंड्यात सासूला बुडवायचं, हे मी दादांना सांगितलं नाही.

मग मी अशी गुणाची सून झाले की वाडीतल्या सासवा आपल्या सुनांना माझं उदाहरण देऊ लागल्या. सासूचे पाय चेपले, तिच्या शिव्या ऐकल्या, तिच्याजवळ बसून तिच्या हातचं शिकले. तिला चाखल्याशिवाय पाणीसुद्धा तापवता येत नव्हतं. चुलीकडं तोंड, आमच्याकडं पाठ, की पळी गेलीच ओठाला. उत्तरेश्वर तिलाच आई म्हणायला लागला होता. ती त्याला मांडीवर घेऊन म्हणायची, तुझी आई उष्टी व्हती, टाकून दिली. पोरगं हसायचं, त्याला काय कळणार? मी भाकरी थापत असायची. थापताना आवाज जरा मोठा यायचा एवढंच.

श्रावणात मला मार्ग सापडला, आणि तो सासूनंच दाखवला. आमच्या रानात चमकुरा दोन जागी होता. मोटेच्या पाटाशी लावलेला काळ्या देठाचा, तो साधा. ओढ्याच्या चिखलात आपोआप वाढलेला हिरव्या देठाचा, तो मात्र घसा धरायचा. मी नकळत ओढ्यातला खुडून आणला. बंकटला शिजत्या भांड्यातून घास उचलायची खोड. त्यानं चिंच पडायच्या आधीच एक बोटूक चाटलं आणि पुढचा तासभर तो जीभ बाहेर काढून अंगणभर फिरत होता. ओठ सुजले, आवाज बसला. सासूनं मला फुंकणीनं झोडपलं. मग त्याच भांड्यात वाटीभर चिंच ओतली, उकळी आणली, आणि सगळे जेवले. कुणाला काही झालं नाही.

"चिंच पडली का त्याचं इख उतरतं," ती म्हणाली. "एवढंबी आईनं शिकीवलं न्हाई का?"

मी पाठ चोळत कोपऱ्यात बसले होते. ते ऐकलं आणि पाठ दुखायची थांबली.

कार्तिकात साखराबाई कासारीण बांगड्या घेऊन आली. ती तेलगावपासून युसूफ वडगावापर्यंतची सगळी गावं करायची. तिच्याबरोबर मी अक्काला निरोप धाडला. येळवसेला दादांना घेऊन आमच्या रानात ये. त्या दिवशी तुला कुणी हाकलू शकत नाही. कोण काय बोललं तरी रडायचं नाही, परत फिरायचं नाही, आणि रांधायला एक भगुनं सोबत आण. आणि भज्जी केलीस तर बोटसुद्धा लावून बघू नकोस. साखराबाईनं माझ्या हातात बांगडी चढवता चढवता विचारलं, काय बेत हाय गं? मी म्हणाले, जेवणाचा.

येळवसेला पहाटेपासून धुकं होतं. दोघा भावांनी, मी आणि सासूनं मिळून कोप उभी केली. इतर घरांत भज्जी घरूनच करून आणत, आमच्यात रानातच तीन दगडांवर हंडा चढायचा. पाटलांची बायको जानकीबाई त्या दिवशी लवकर आली, शेंगा सोलायला मदत म्हणून. खरं तर तिला गप्पा हव्या असायच्या. धुकं विरलं तसं बांधावर दोन माणसं दिसली. दादा पुढं, अक्का मागं, काखेत भगुनं.

सासूनं हातातली मेथी खाली ठेवली.

"कावून आलीस? तेलगावात भज्जी मिळंना व्हय?"

अक्का खाली बघत उभी राहिली. दादा म्हणाले, "येळवस हाय, इहीणबाई. आज कुनी कुनाला कावून म्हनत न्हाई."

जानकीबाई ऐकत होती, म्हणून सासूला गिळावं लागलं. बसा म्हणाली, पण बांधापलीकडं, हिची सावली माझ्या हंड्यावर पडायला नको. मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, आत्याबाई, पाटील येणार, आणि ही माणसं उपाशी बसलेली दिसली तर बरं दिसणार नाही. आपल्या हंड्यातलंच वाढायचं का यांना? सासूनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तिला चिखल खायला सांगितला.

"मी मेल्यावर वाढ. तिची चूल येगळी मांडू दे. घाल पाटीभर पाला तिकडं."

मी पाटी भरली. दाणे, शेंगा, गाजरं, आणि मोटेच्या पाटाजवळचा काळ्या देठाचा चमकुरा. अक्कानं बांधापलीकडं तीन ढेकळं मांडली आणि जाळ केला. जानकीबाई थोड्या वेळानं आपली सोललेली तूर घेऊन तिच्याजवळ जाऊन बसली. टाकलेल्या सुनेची हकिगत तिच्याच तोंडून ऐकायला मिळत असताना ती आमच्याकडं कशाला थांबेल? ती शेवटपर्यंत तिथून हलली नाही. तेवढं मात्र मी ठरवलेलं नव्हतं, ते देवानं दिलं.

उत्तरेश्वर बांधावर उभा राहून त्या नव्या बाईकडं बघत होता. अक्कानं एक गाजर धुऊन पुढं केलं. त्यानं घेतलं, चावलं आणि पळत येऊन सासूचा पदर धरला. सासू त्याच्या डोक्यावरून हात फिरवत अक्काला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "कुनाचं बी खाऊ न्हाई, राजा." अक्का जाळ फुंकत राहिली. मला वाटलं आता रडते. ती रडली नाही.

आमच्या हंड्यात मी एकेक घालत गेले. दाणे शिजले, गाजरं मऊ झाली. सासूनं विचारलं, मीठ घातलं का? घातलं म्हणाले. चिमूटभरसुद्धा घातलं नव्हतं. शेवटी पहाटे ओढ्यातून आणून ओल्या फडक्यात लपवलेला चमकुरा चिरून सोडला, वरून पीठ लावलं, आणि चिंचेची वाटी उचलून, विहिरीवर कोळ करून आणते म्हणून निघाले. चालताना बंकटला कोपीजवळ हाक मारून बसवलं, नैवेद्याच्या वेळी पांडवांवरचं फडकं सरळ करायला.

तुरीच्या ओळीत वाकून बसले आणि बघितलं.

तिनं आधी बांधाकडं नजर टाकली. मग कोपीकडं पाठ केली आणि पळी उचलली. फुंकर, ओठ. मान हलली, कारण मीठ नव्हतंच. तिनं मूठ टाकली, ढवळलं आणि पुन्हा चाखलं. अजून कमी. पुन्हा थोडं. मग पुन्हा एकदा, आणि या खेपेला पळी बराच वेळ तोंडाशी राहिली, कारण तोपर्यंत जीभ तिला काही सांगेनाशी झाली असावी. मी उठले आणि सावकाश चालत आले.

चिंच ओतली तेव्हा सासू घसा खाकरत होती. मी विचारलं, काय झालं, आत्याबाई? ती हातानंच काही नाही म्हणाली.

तेवढ्यात धुळाजी शेताच्या कडेनं अंबील शिंपडून परत आला. त्याच्यामागं पाटील आणि वाडीतली दहा-बारा माणसं. सगळे कोपीपुढं जमले. आता घरातल्या थोरल्या बाईनं पुढं होऊन पांडवांना गाऱ्हाणं घालायचं, रान पिकू दे, लेकरंबाळं गुरंढोरं सुखी ठेव म्हणून. सासूचा आवाज दरसाल चार शेतांपलीकडं जायचा. ती पुढं झाली, हात जोडले, तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली. मग खोकल्याची उबळ आली. ती पदरानं ओठ पुसत होती, घसा खाजवत होती, थुंकत होती. ओठ गांधीलमाशी चावल्यासारखे फुगले होते. जीभ आत ठेवता येईना.

माणसं कुजबुजली. पाटलांनी विचारलं, काय चावलं का? आणि मग कोपीशेजारी बसलेला माझा नवरा, ज्याला बिचाऱ्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं, तो उठून आईच्या तोंडात वाकून बघत म्हणाला,

"आये, चमकुरा खाल्लास व्हय गं?"

बंकट भावाकडं वळला. "अरं बे, सरावणात माझं असंच झालतं. चिंच पडायच्या आधी खाल्लं का असंच व्हतंय. तासभर जीभ आत जात न्हाई." आणि मग आपण काय बोलून गेलो हे त्याच्या ध्यानात आलं. तो कडब्याकडं बघायला लागला.

सगळ्यांच्या नजरा हंड्याकडं गेल्या. सासूनं माझ्याकडं बोट रोखलं. आवाज नव्हता, पण ओठांवरून कळलं, इख म्हणत होती.

"इख आसंल तर मी खाते," मी म्हणाले. "सगळ्यांदेखत वाटीभर खाते. पन देवाच्या आधी न्हाई खानार."

पाटील मिशीला हात लावून उभे. हंडा तर उष्टा झाला, मग देवापुढं काय ठेवायचं, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण तो सगळ्यांच्या तोंडावर होता. नैवेद्याशिवाय कोप सोडायची म्हणजे वर्षभराचा अपशकुन. तेव्हा बांधापलीकडून जानकीबाई पदर झटकत उठली. म्हणाली, ह्या चुलीवर हाय की. ह्याच रानातला पाला हाय, आनि मी सकाळपास्नं हितं बसलेय. ह्या बाईनं बोटसुदिक लावलं न्हाई.

वेगळी चूल सासूनंच मांडायला लावली होती. तिला ते त्या क्षणी आठवलं. मी तिच्या चेहऱ्याकडंच बघत होते, एवढ्यासाठीच वर्ष काढलं होतं.

धुळाजी बांध ओलांडून गेला. बायकोसमोर उभा राहिला आणि मान खाली घालून भगुनं उचलायला वाकला. अक्कानं त्याला उचलू दिलं नाही. स्वतः घेऊन आली, पाचही दगडांपुढं पळीपळीनं वाढलं आणि हात जोडून हळू आवाजात गाऱ्हाणं घातलं. काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही.

नैवेद्य झाला. मग मी मोठ्या हंड्यातली वाटी भरली आणि सगळ्यांसमोर उभ्यानं खाल्ली. मीठ अगदी बरोबर होतं, हे तिचं कसब मान्यच करावं लागेल. खाऊन पाटलांना जीभ काढून दाखवली. बायका फिसकन हसल्या. मला मात्र हसू येत नव्हतं.

"पाटील," मी म्हणाले, "गेल्या साली ह्याच जागी तुमी म्हनलात, देवाच्या आधी खानारीचा हात चुलीला लागू न्हाई. ते नुसतं सुनांना हाय का सासवांनाबी?"

अर्जुनरावांनी एकदा सासूकडं बघितलं, एकदा आपल्या बायकोकडं. जानकीबाई त्यांच्याकडं डोळे न हलवता बघत होती.

"समद्यांना," ते म्हणाले.

धुळाजीनं अक्काला घरी चल म्हटलं. वर्षभरात तिच्याशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द. अक्का त्याच्याकडं न बघता म्हणाली, "पोरगं कुनाला आई म्हनंल, ते आधी सांगा. आन चूल कुनाची, ते."

तो आईकडं वळला. ती विहिरीच्या काठाला बसून चुळा भरत होती.

"तुझी," तो म्हणाला.

अक्काच्या भगुन्यातली भज्जी सगळ्यांना पळीपळीनं पुरवली. दादांनी वाटी बोटानं पुसून खाल्ली. आमचा मोठा हंडा, तीन-चार गावांत नावाजलेल्या भज्जीचा, मी स्वतः उचलून नेला आणि मेंढरांच्या राखणीच्या कुत्र्यांपुढं ओतला. सासूला दिसेल अशा जागी. मग वाटीभर चिंचेचं पाणी तिला नेऊन दिलं. दया आली म्हणून नव्हे. सगळ्यांदेखत ते पिताना तिला बघायचं होतं. ती प्यायली. घसा एवढा धरला होता की तिला प्यावंच लागलं.

पुढचं सांगते.

उत्तरेश्वर अक्काजवळ लगेच गेला नाही. रात्री झोपेत सासूलाच हाक मारायचा, आणि अक्का अंधारात जागी असायची, मला शेजारच्या खणातून कळायचं. तिला आई म्हणायला त्याला पुढचा पावसाळा लागला. मोठा झाल्यावर त्यानंच शेत वाढवलं, मोट मोडून इंजिन बसवलं. आता त्याचे नातू बीडला शिकतात.

दादा त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. साखराबाईनं बांगड्यांबरोबर ही गोष्ट गावोगाव नेली. तेलगावला पोचेपर्यंत सासूची जीभ हातभर बाहेर आली होती. युसूफ वडगावच्या बाजारात बायका सासूला विचारायच्या, छबुबाई, मीठ कसं हाय? तिनं बाजाराला जाणं सोडलं.

अर्जुनराव पाय चालले तोवर आमच्या कोपीवर येत राहिले आणि अक्काच्या भज्जीचं कौतुक करत राहिले. निजामी गेली तशी त्यांची पाटीलकी गेली. पोरांनी जमीन विकून गाव सोडलं. जानकीबाईनं त्याआधीच अक्काच्या मुलीला आपल्या भाच्यासाठी मागून नेली होती, चांगलं घर मिळालं.

ही मुलगी अक्काला नंतर झालेली. धुळाजीशी ती नांदली, त्याची भाकरी वेळेवर करत राहिली, पण मरेपर्यंत त्याच्याशी सरळ बोलली नाही. सांगायचं ते पोरांना सांगायची, बापाला सांग म्हणून. तो मेंढरांमागंच एका उन्हाळ्यात पाली गावाच्या बाजूला वारला. अक्का त्याच्यामागं पुष्कळ वर्षं जगली.

सासू रझाकारांच्या गडबडीच्या आधी गेली. तोवर तिनं घरातल्या चुलीला हात लावला नाही. अक्का माझ्याहून मऊ होती, सासूला दात नसताना भाकरी दुधात कुस्करून द्यायची. मी दिली नाही. दर येळवसेला हंडा चढला की मी म्हणायची, आत्याबाई, जरा लांब बसा, मानसं यायचीत. ती उठून बांधापलीकडं जाऊन बसायची. मेली तेव्हा मी सगळं रीतीनं केलं. डोळ्यांत पाणी आलं नाही आणि मी आणलंही नाही.

बंकट सगळ्यात मागं राहिला. आईचं वाईट झालं एवढंच तो म्हणायचा, आणि माझ्याकडं कधी त्यानं बोट केलं नाही. अगदी शेवटी, अंथरुणाला टेकल्यावर, एका दुपारी त्यानं मला विचारलं, त्या पहाटं तू वढ्याकडं कावून गेलतीस? मी म्हणाले, चमकुरा आनाया. तो बराच वेळ आवाज न करता हसत राहिला. मग म्हणाला, मला आधी सांगितलं आसतं तर मी तोंड बंद ठेवलं आसतं की.

म्हनूनच न्हाई सांगितलं, मी म्हणाले, आणि त्याचं पांघरूण सारखं केलं.